नऊ मुलांचे शंभर टक्के

दहावीचा निकाल लागला की आमच्या दैनिकात जिल्ह्यातल्या शाळांची क्रमवारी छापली जाई. जळगावच्या मुख्य कचेरीत ही प्रथा कोणी पाडली, ते सांगता येत नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी धुळ्याच्या कार्यालयात उपसंपादक म्हणून रुजू झालो तेव्हा ती पक्की झालेली होती. शाळांनी निकाल फोनवरून किंवा माणूस पाठवून कळवायचा, आम्ही टक्केवारी काढून वरून खाली रचायची. वरच्यांना कौतुकाचा मजकूर, खालच्यांना ‘चिंताजनक’ हा शब्द. शहरातली शेकडो मुलांची शाळा आणि खेड्यातली नऊ मुलांची शाळा एकाच रांगेत उभी असे.

या रांगेत दरवर्षी एक गोष्ट घडे. वरच्या टोकाला लहान शाळा असत आणि खालच्या टोकालाही लहानच. मोठ्या शाळा मध्ये कुठेतरी. कारण साधे आहे. नऊपैकी एका मुलाला परीक्षेत ताप आला तरी शाळा अकरा टक्के घसरते. शेकड्यांत असा एखादा ताप दिसतही नाही. संपादकांचा निष्कर्ष वेगळा होता. यादीचा वरचा भाग पाहून ते ग्रामीण गुणवत्तेच्या झेपेवर अग्रलेख लिहीत आणि खालचा भाग पाहून ग्रामीण शिक्षणाच्या दुरवस्थेवर. एका वर्षी हे दोन्ही अग्रलेख एकाच आठवड्यात आले. वाचकांचे एकही पत्र आले नाही.

अशाच एका वर्षी शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावाची शाळा पहिली आली. नऊ बसले, नऊ पास. तिथले मुख्याध्यापक प्रभारी होते. पद रिकामे होते, संस्थेने त्यांना तात्पुरते बसवले होते आणि कायम करायचे की नाही ते पुढच्या निकालानंतर ठरणार होते. संस्थेचे अध्यक्ष गावातले मोठे बागायतदार. गाव त्यांना आबा म्हणे. सत्काराच्या भाषणात आबांनी निम्मे श्रेय संस्थेच्या मार्गदर्शनाला दिले आणि उरलेले मुख्याध्यापक सरांना. सर बोलले ते पहाटेच्या वर्गाविषयी. दिवस उगवण्याआधी घरोघर जाऊन दार वाजवायचे, मुलांना उठवायचे, शाळेत आणून बसवायचे. आम्ही फोटोसह छापले : ‘पहाटेच्या वर्गाची किमया’. ते वाचून आसपासच्या शाळांनीही पहाटेचे वर्ग काढले. त्यातल्या एका शाळेत मुले बाकावर डोके टेकून झोपत, हे मी स्वतः पाहिले. त्याची बातमी झाली नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा नऊ मुले. सर तेच, वर्ग तोच, पहाट तीच. पाच पास झाली. शाळा यादीच्या तळाशी गेली आणि आम्ही ठरलेला शब्द छापला. संस्थेने रविवारी बैठक बोलावली. विषय एकच होता : सरांना कायम करायचे की खाली उतरवायचे. आबांचा एक भाचा त्याच शाळेत शिक्षक होता, हे सगळ्यांना माहीत होते.

सर धुळ्याला आमच्या कार्यालयात आले. त्यांना खुलासा छापून हवा होता.

“काय खुलासा करायचा?” मी विचारले.

“हेच, की यंदाची बॅच कच्ची होती. नशीब खराब.”

“आणि गेल्या वर्षीची?”

“गेल्या वर्षी मेहनत होती, साहेब.”

खुलासे आम्ही छापत नसू. मी त्यांना कॉलेजातल्या संख्याशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे नेले. गृहस्थ वर्षानुवर्षे पिवळ्या पडलेल्या नोट्स सांगत होते आणि परीक्षेत काय येणार यापलीकडे त्यांना कोणी काही विचारले नव्हते. खरी शाळा, खरी मुले आणि खरी भांडणे पाहून ते हरखले. बैठकीला स्वतः येतो म्हणाले. सर इतके खूश झाले की परत जाताना त्यांनी आमच्या शिपायालाही चहा पाजला.

बैठक शाळेच्याच कार्यालयात झाली. टेबलाच्या पलीकडे आबा, दोन बाजूंना सभासद, कोपऱ्यात एक म्हातारे सभासद ज्यांना सगळे नाना म्हणत. सर दाराजवळच्या खुर्चीवर. मी वार्ताहर म्हणून बसलो होतो आणि त्याला कोणाची हरकत नव्हती, कारण आबांना छापून येणे आवडे.

प्राध्यापकांनी सुरुवात केली. “आपण असं धरून चालू, की शाळेत काहीही बदललेलं नाही.”

“धरून कसं चालायचं?” आबा म्हणाले. “बदललंय म्हणून तर बसलोय.”

“तपासण्यासाठी धरायचं. दोन वर्षांची मिळून अठरा मुलं. त्यात चार नापास. ही चार कोणत्या वर्षात पडतील हा निव्वळ योग मानू. मग चारही एकाच वर्षात पडण्याची शक्यता किती? साधारण बारा वेळांत एकदा. आमच्या शास्त्रात वीस वेळांत एकदा किंवा त्याहून दुर्मिळ असेल, तरच म्हणतात की काहीतरी घडलंय.”

“वीसच का?”

“तशी पद्धत आहे.”

“पद्धत आमच्याकडेपण आहे,” आबा म्हणाले. “निकाल पडला की मुख्याध्यापक बदलतो.”

सभासद हसले. प्राध्यापकांनी टेबलावरची खडूची पेटी ओढली. पास मुलांचे चौदा पांढरे आणि नापासांचे चार गुलाबी खडू मोजून एका पिशवीत टाकले, पिशवी हलवली आणि एका वर्षाचे म्हणून न बघता नऊ खडू बाहेर काढले. त्यांत दोन गुलाबी निघाले.

“बघा,” आबा म्हणाले. “चारही कुठे आले?”

“बारातून एकदा म्हणालो होतो मी. पुन्हा काढून दाखवतो.”

“आमचा निकाल पुन्हा लागतो का, भाऊ?”

सर टेबलावरच्या गुलाबी खडूंकडे पाहत होते. “यातला एक पोरगा घरात मयत झाली तरी पेपरला बसला होता,” ते हळूच म्हणाले.

प्राध्यापक पुढे सरकले. नऊपैकी पाच म्हणजे पंचावन्न टक्के खरे, पण इतक्या थोड्या मुलांवरून शाळेची खरी पातळी नेमकी कळत नाही. ती सत्तावीसपासून एक्क्याऐंशीपर्यंत कुठेही असू शकते, असे त्यांनी सांगितले.

नाना अहिराणीत बोलत; ते पुढे वाकले. “म्हणजे सत्तावीसबी खरं शे नि एक्क्याऐंशीबी खरं शे?”

“तसं नाही, नाना. यांच्या दरम्यान कुठेतरी. नऊ मुलांवरून एवढंच कळतं.”

“यवढ्या जागामा तं आख्खा तालुका बसी जाई.”

“मग शाळा बिघडली नाही, असं लिहून द्या,” एक सभासद म्हणाला. तो सरांच्या बाजूचा होता.

“तसंही म्हणता येत नाही. बिघडली असं म्हणायला पुरावा नाही, इतकंच. बिघडलेली असूही शकते.”

आबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “म्हणजे बिघडली म्हणता येत नाही, नाही बिघडली तेही म्हणता येत नाही. भाऊ, तुम्ही धुळ्याहून आलात कशाला?”

हा प्रश्न योग्य होता. प्राध्यापकांचे शास्त्र चोख होते, आणि ज्या ठिकाणी हो किंवा नाही एवढेच ऐकून घेतले जाते तिथे त्याचा उपयोग शून्य होता, हे त्यांच्या ध्यानात आलेले दिसले नाही. पण सरांच्या बाजूच्या सभासदाला मार्ग सापडला. तो म्हणाला, दोन्ही वर्षे सोडून द्यावीत. एवढ्याशा मुलांवरून चांगले-वाईट ठरत नाही असा ठराव करावा आणि सरांना कायम करावे.

आबांनी थोडा विचार केला आणि अनपेक्षितपणे मान डोलावली. भाचा अजून तरुण होता; घाई नसावी. “चालंल. पण दोन्ही वर्षं म्हणजे दोन्ही. का हो, ते शंभर टक्केसुद्धा सोडायचे ना?”

“अर्थात,” प्राध्यापक उत्साहाने म्हणाले. “गेल्या वर्षीचे शंभर म्हणजे खरी पातळी सत्तरसुद्धा असू शकते. दोन्ही निकाल एकाच शाळेचे आहेत. मधला फरक योगाचा असू शकतो.”

“मग लिहा,” आबा कारकुनाला म्हणाले. “गेल्या वर्षीच्या निकालात विशेष असं काही नव्हतं आणि यंदाच्यातही नाही. खाली सरांची सही घ्या.”

कारकुनाने लिहिले आणि कागद दाराजवळ नेला. सरांनी वाचला. त्या दोन ओळींत त्यांचे पद होते, कायमचे. त्यांनी पेन हातात घेतले आणि परत ठेवले.

“हे मला मान्य नाही. गेल्या वर्षी मी पोरं घरून उठवून आणली. विशेष कसं नव्हतं?”

“यंदाही उठवली होती ना?” प्राध्यापकांनी विचारले. त्यांच्या स्वरात कसलाही डाव नव्हता. त्यांना उत्तर खरेच आकड्यासाठी हवे होते.

सरांनी पेन आणखी दूर सारले.

“सर, सही करा,” त्यांच्या बाजूचा सभासद कुजबुजला. “एक सही तर आहे.”

“बठ्ठं नशीबच शे म्हणतस,” नाना म्हणाले, “तं मास्तर कसाले ठेवाना?” सगळे नशीबच असेल तर मास्तर ठेवायचाच कशाला, असे त्यांचे म्हणणे.

“मी तेच म्हणतो, नाना,” सर म्हणाले. “माझा वर्ग म्हणजे नशीब नाही.”

“मग यंदा पाचच पास झाली, तेही तुमच्या वर्गाचंच,” आबा म्हणाले. त्यांनी कागद परत मागवला, फाडला आणि भाच्याचे नाव सुचवले. ठराव एकमताने झाला. सरांच्या बाजूच्या सभासदानेही हात वर केला.

सरांनी त्याच दिवशी कपाटांच्या किल्ल्या दिल्या. सहायक शिक्षक म्हणून ते त्याच शाळेत राहिले, आणि पहाटेचा वर्ग चालवायला त्यांना कोणी मनाई केली नाही.

एसटीपर्यंत ते आम्हाला सोडायला आले. प्राध्यापक वाटेत समजावत होते की आणखी चार-पाच वर्षांचे निकाल हाती असते तर सत्तावीस ते एक्क्याऐंशीचा पट्टा बराच अरुंद झाला असता. सर ऐकत होते की नाही, कळत नव्हते. गाडी आल्यावर त्यांनी प्राध्यापकांचा हात धरला.

“एक विनंती आहे, सर. ते गेल्या वर्षीचं, सत्तरचं, कुणाला सांगू नका.”

प्राध्यापकांनी शब्द दिला. तो पाळायला त्यांना अडचण आली नाही. त्यांना विचारणारे कोणी नव्हते.