उताराची जागा

वडील गेल्यावर आंबागडच्या जागेची वाटणी झाली. धाकट्या भावाने खालची सपाट जागा घेतली. घर आणि विहीर त्यातच आली. डोंगराच्या अंगाची मुरमाड, उताराची पट्टी माझ्या वाट्याला आली. "बाई, तुले वरची देऊन राहिलो. हवा चांगली हाये तिथं," तो म्हणाला. नवरा वारला होता, मला कुठेतरी राहायचंच होतं. तिथे दोन खोल्या बांधल्या.

पहिल्याच पावसाळ्यात अंगणात टाकलेली माती वाहत त्याच्या दारात गेली. भावजयीने ती खराट्याने लोटताना जे बोलायचं ते बोलून घेतलं.

मग मी उताराला आडवे चर खणून घेतले. निघालेल्या मातीचे बांध, त्यांवर दगड आणि गवती चहा. बांधाखाली सीताफळ, शेवगा, करवंद, म्हणजे उन्हाळ्यात फार पाणी न मागणारी झाडं. न्हाणीचं पाणी अळूकडे वळवलं. झाडांच्या बुडाशी धानाची तणस, सुका पेंढा, पसरली. पाणी धावायचं थांबलं आणि मुरायला लागलं.

काही वर्षांत सीताफळं धरली. होळीलाच तळ दाखवणाऱ्या भावाच्या विहिरीत मे महिन्यातही पाणी राहू लागलं. "देवाची कृपा हाये," तो पाहुण्यांना सांगायचा. एका उन्हाळ्यात नळ बंद पडला, तेव्हा कळशी घेऊन खाली गेले. "विहीर आमच्या हिश्श्याची हाये न, बाई," भावजय म्हणाली. एक कळशी भरून दिली, पण दोर माझ्या हाती दिला नाही. मागे पाइपाने लॉन भिजत होतं.

मग एकदा भाऊ वर आला. "तुह्या चरायनं माह्या भिंतीले ओल येऊन राहिली. बुजव ते."

"ओल तुह्या लॉनची हाये," मी म्हटलं. "अन् विहिरीत पाणी राह्यते ते या चरायनंच."

तो हसला. "आता विहीरबी तुहीच का?"

दिवाळीनंतर मी लेकीकडे नागपूरला गेले. परतले तेव्हा जेसीबीने सगळे चर सपाट केलेले होते. शेवगे मुळासकट आडवे पडले होते. "मले एक फोन काहून नाही केला?" मी विचारलं.

"तू नाही म्हटलं असतं," तो म्हणाला.

त्यानंतर एक पावसाळा गेला, आणि यंदा त्याची विहीर होळीआधीच आटली. भिंतीची ओल मात्र तशीच आहे. त्याने बोअर मारली. माझी सीताफळाची दोन झाडं उरली आहेत, भांडी धुतलेल्या पाण्यावर जगवते. पुन्हा चर खणायचं मनात येत नाही. भाऊ सगळ्यांना सांगतो, यंदा पाऊसच कमी झाला. पाऊस नेहमीएवढाच झाला होता. दारात उभी राहून मी तो उतारावरून निघून जाताना पाहिला होता.