येसूची आण

आमच्या वस्तीनं बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी आठ वर्षांची होते. गाव खटकचिंचोळीपासून दीड कोसावर, राज्य निजामाचं. बिदरहून पाद्रीसाहेब महिन्यातून एकदा तट्टावर बसून यायचे, लिंबाखाली सगळ्यांना गोळा करायचे आणि शिकवायचे : दारू सोडा, शिव्या सोडा, आण घेऊ नका. दारू बऱ्याच जणांनी सोडली. शिव्या निम्म्या सुटल्या. आण मात्र सुटेना, कारण आण घेतल्याशिवाय आमच्याकडं बोलणं पुरंच होत नसे. जेवलीस का म्हणून कुणी विचारलं तरी "जेवले, खंडोबाची आण" असं उत्तर यायचं. मग वस्तीनं आपल्या अकलेनं तोड काढली. देव बदलला ना, मग आणही बदला! खंडोबाची आण गेली आणि येसूची आण आली. आपण केवढे पक्के ख्रिस्ती झालो असं आम्हाला वाटलं. पाद्रीसाहेबांनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावून ते लिंबाखालीच बसले.

सगळ्या वस्तीत एकट्या अप्पानं, म्हणजे माझ्या बापानं, आण खरोखर सोडली होती. तो पूर्वी हलगी वाजवायचा आणि त्याच्या शिव्या हलगीहून लांब ऐकू जायच्या. आता तो हाय म्हणाला की हाय, न्हाई म्हणाला की न्हाई. मला त्याचं बोलणं बिनमिठाच्या पिठल्यासारखं वाटायचं. मी स्वतः सोळाव्या वर्षी उचलली जीभ लावली टाळ्याला अशी होते. दोन साप दिसले की वीस सांगायची, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे मोठे झाले की मला इतका आनंद व्हायचा म्हणून सांगू!

त्या वर्षी कार्तिकात पाटलाच्या जवारीत आम्ही पंधरा-सोळा बाया खुरपायला होतो. खुरपताना तोंड बंद ठेवलं तर वेळ जात नाही. कुणीतरी म्हणालं, पाटलाचा हरभरा कुणी खाल्लाय, शेंडेच राहिले न्हाईत. झालं! माझ्या अंगात वारं शिरलं. आदल्या दिवशी दुपारी मी त्या बाजूनं गेले होते आणि जिला सगळा गाव मावशी म्हणायचा त्या धनगरणीची मेंढरं बांधावर उभी पाहिली होती. बांधावर. एवढंच. पण एवढ्याला कोण हुंगतंय?

"म्या बघिटलंय की!" मी म्हणाले. "मावशीची मेंढरं गुडघ्याएवढ्या हरभऱ्यात! न् मावशी बांधावर बसून खुशाल पान खायलीय!"

सगळी खुरपी थांबली.

"चल गं, थापा मारू नकोस," एक जण म्हणाली.

"येसूची आण!" मी गळ्याला चिमटा लावून म्हणाले.

 पंधरा तोंडं माझ्याकडं वळलेली! मी आणखी रंगवून सांगितलं. मेंढरं शंभर केली. पान खाणाऱ्या मावशीला गाणंही म्हणायला लावलं. तो दिवस कसा सरला मला कळलंही नाही.

संध्याकाळपर्यंत गोष्ट पाटलाच्या वाड्यात पोचली आणि दुसऱ्या दिवशी पाटलानं मावशीला निरोप धाडला : तीन दिवसांनी चावडी भरेल. खरं निघालं तर गावची शीव सोडायची, कुणाच्या रानात मेंढरं बसवायची नाहीत. मावशीचा नवरा मागंच वारलेला, मुलगा मोठा कळप घेऊन लांब गेलेला आणि घरात सून नऊ महिन्यांची. अशा बाईला थंडीच्या तोंडावर कुठं जा म्हणायचं? पण गावात कुणीही शंका घेतली नाही. किरिस्तावाची पोरगी आपल्या देवाची आण घेऊन सांगते म्हणजे खोटं कसं असेल!

घरी अप्पानं मला समोर बसवलं.

"बघिटलीस का?"

"येसूची आण, अप्पा, बघिटलं!"

 "म्या नुस्तं इच्यारलो," तो म्हणाला. "आण कामून लागली तुला?"

 तो उठला, घोंगडं झटकलं आणि म्हणाला, "चावडीत जे हाय ते बोल. म्या मागं उभा ऱ्हातो." रागावला असता तर बरं झालं असतं. मी त्याच्याशी भांडले असते, रडले असते आणि माझंच खरं धरून बसले असते.

चावडीच्या दिवशी अख्खा गाव लोटला होता. आम्ही पायऱ्यांच्या खाली उभे, आमची ती जागा ठरलेली. मावशी चावडीपुढच्या लिंबाच्या बुंध्याशी बसली होती आणि सून तिला टेकून. माझं काळीज नुसतं उड्या मारत होतं. आणि खरं सांगते, त्यात सगळी भीतीच नव्हती. सगळा गाव माझ्या तोंडाकडं बघत होता! असं पुन्हा कधी मिळणार होतं मला?

पाटील म्हणाले, "हिला खंडोबाचा भंडारा उचलून आण घ्यायला चालत न्हाई. पोरी, तू तुझ्या देवाची आण घे, आमाला चालतंय. खुरपताना घेतलीस तशीच घे."

किती सोपं होतं! तेच दोन शब्द पुन्हा म्हणायचे. मी तोंड उघडलं. मावशीची सून तेवढ्यात पोटावरचा पदर सारखा करत होती आणि माझ्याकडं बघतही नव्हती. तिला माझं उत्तर ठाऊकच होतं, अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

"म्या बघिटलं न्हाई," मी म्हणाले.

"काय?"

"मेंढरं बांधावर हुती. हरभऱ्यात न्हाई."

चावडीत एकच गिल्ला झाला. पाटील उभे राहिले. "मग त्या दिशी आण घेतलीस ती?"

"खोटी घेतली."

"बरं, आता खरी घे. घे आण, की मेंढरं बांधावर हुती म्हून."

"न्हाई घेत."

"कामून?"

"खोट्याला घेतली, पाटील. आता खऱ्याला पुन्हा तीच कशी घेऊ?"

"मग आमी तुझं खरं कशावरनं मानावं?"

"मानू नका," मी म्हणाले. आवाज कुठून कोण जाणे घट्ट निघाला. "पर मेंढरं बांधावरच हुती."

लोक ओरडायला लागले. कुणी म्हणे हिला फितवलंय, कुणी म्हणे हिच्या बापानं शिकवलंय. शेवटी एक म्हातारा काठी आपटून म्हणाला, "आरं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? शेत का पळून गेलंय? चला की बघायला!"

आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की चार दिवसांत शेत पाहायला कुणीच गेलं नव्हतं. माझी आण होती ना, मग बघायचं कशाला?

मग काय विचारता! पाटील पुढं, मागं सगळा गाव, धोतरं खोचून, पदर खोचून, कुत्री भुंकतायत, पोरं पळतायत. मी तर सगळ्यांच्या पुढं धावत होते. बांधावर मेंढरांच्या लेंड्या जागोजाग पडलेल्या. हरभऱ्यात एक नाही! सगळं शेत पायांखाली घातलं, एक लेंडी सापडली नाही. मधोमध काळ्या मातीत खुरांच्या लांबट खुणा होत्या. एक धनगर गुडघ्यावर बसला, बोट घालून बघितलं आणि ओरडला, "हरणं! हरणं हायती ही!" पाटील स्वतः वाकले, बघितलं आणि हसले. मावशीला तिथल्या तिथं सांगितलं, रहा बाई, जशी हायस तशी रहा.

मला आभाळ ठेंगणं झालं. जन्मात पहिल्यांदा मी नुसतं बोलले होते आणि सगळा गाव त्या बोलण्यामागं शेतापर्यंत धावला होता! अप्पानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. परतताना बाया भोवती जमल्या आणि मी सुरू झाले, "म्या अशी उभी राह्यले, पाटील तर थरथर कापायले..."

मावशी बायांना बाजूला सारून समोर आली. मला वाटलं, आता ही मला पोटाशी धरणार.

"मग त्या दिशी कामून म्हनलीस गं?" तिनं विचारलं.

 मी खाली बघितलं.

"मजा वाटली म्हून."

"माझी सून तीन दिस जेवली न्हाई," ती म्हणाली आणि मेंढरांकडं वळली.

तिनं कुणाची आण घेतली नाही, आणि मला त्यातल्या एका शब्दाचीही शंका आली नाही.