मीटिंगचा नारळ

दवाखान्यात शेवटच्या दिवशी हौसाने मला पाणी मागितलं नाही, पोराला, आमच्या दत्ताला, बोलवा म्हणाली नाही. ती म्हणाली, "अवो, पिंपरीचं काय ठरलं? दत्ताला इचारलं का?" मी म्हणालो, तू गप पड, पिंपरी कुठं पळून जात नाही. तिने तोंड वाकडं केलं. माझं उत्तर पटलं नाही की ती असंच तोंड करायची, सगळा संसार तसाच गेला. मग डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपली. मी खाली चहा प्यायला गेलो आणि वर आलो तर नर्स मला दारातच अडवायला लागली... मला कळलं. माणसाला कळतं.

बायको जाऊन महिना होत आला. लोक येतात, बसतात, म्हणतात सवाष्ण गेली, भाग्याची गेली. मला त्यांचा राग येतो. तिचं भाग्य असेल, माझं काय? मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, आयुष्यभर हातोड्याच्या खात्यात काम केलं. लाल तापलेलं लोखंड घणाखाली धरायचं, त्याचा ट्रकचा भाग व्हायचा. त्या आवाजाने माझे कान गेले. लोकांचं बोलणं मला अर्धंच ऐकू येतं, पण हौसाचं सगळं यायचं. आता घरात कुणी ओरडून बोलत नाही.

ती पिंपरीचं विचारत होती म्हणजे आमच्या कंपनीच्या जुन्या कारखान्याचं, यंदा तो विकणार अशी कुणकुण होती. तुम्ही म्हणाल, मरताना बाई कंपनीचं कशाला विचारेल. तर ती कंपनीची मालकीण होती. थट्टा नाही करत. कंपनीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा आमच्या मोठ्या साहेबांनी कामगारांना शेअर वाटले आणि ते वाटले बायकांच्या नावाने. गेटसमोर मांडव घातला होता. साहेब माइकवर म्हणाले, "तुमच्या हातात दिले तर तुम्ही विकून मोकळे होणार. तुमच्या घरच्या लक्ष्म्या सांभाळतील." आम्ही बापे हसलो, पण जरा लागलंच. हौसा खेडच्या बाजूची, शेतकऱ्याची लेक, सही करायला लग्नानंतर शिकलेली. तिने तो कागद डोक्याला लावला आणि घरी येऊन देवघरात ठेवला.

तेव्हापासून दरवर्षी भागधारकांची मीटिंग म्हणजे आमच्या कॉलनीतल्या बायांचं हळदीकुंकू. चिंचवडच्या हॉलमध्ये मीटिंग असायची. सूटबूटवाले, कागद चाळणारे, सामोशाचा पुडा दुसऱ्यांदा मागणारे म्हातारे, असले लोक जमायचे आणि मधे आमच्या बायांची एक रांग, गजरे घालून. मीटिंग दहाची असली तरी या आठलाच बसमधे. मोकळ्या हाताने कुणाच्या घरी जायचं नाही ही हौसाची रीत, म्हणून पहिल्या वर्षापासून ती पिशवीत नारळ आणि खण घेऊन जायची आणि मोठ्या साहेबांच्या बायकोची ओटी भरायची. ती माउली पण पहिल्या रांगेत पदर पसरून उभी राहायची. सूटबूटवाले घड्याळ बघायचे. साहेब म्हणायचे, "होऊ द्या हो, मालकिणी आहेत त्या."

साहेब माणूस चांगला, पण हट्टी. मी त्यांचं मीठ खाल्लंय, तरी खरं ते लिहितो. त्यांना नाही म्हणणारं वर कुणी उरलं नव्हतं. जो तो मान हलवायचा. त्यांनी बँकांचं कर्ज काढून परदेशातली एक कंपनी विकत घेतली. त्या वर्षी मीटिंगमध्ये टाळ्यांनी हॉल दणाणला. हौसाने माइक मागून घेतला आणि म्हणाली, "साहेब, तिकडं आपली पोरं पाठवणार आसाल तर भाकरीचं काय?" सगळा हॉल हसला, साहेब सगळ्यात जास्त. नंतर हसायचं राहिलं नाही. ट्रकची मागणी बसली. तिकडची कंपनी पैसे खायला लागली आणि इकडच्या कमाईतून बँकांचं व्याज जायला लागलं. आम्हा कामगारांना हे पेपरात वाचावं लागलं नाही. आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग गुरुवारचा कॅन्टीनचा शिरा बंद झाला, मग बँकेचे लोक येऊन मशिनी मोजायला लागले. मी त्याच सुमारास रिटायर झालो. आमचा दत्ता तोवर चाकणच्या नव्या प्लँटला लागला होता, म्हणून घोर संपला नाही, बापाचा लेकाकडे गेला एवढंच. शेअरचा भाव पडला तशा कॉलनीतल्या बाया एकेक करून विकून मोकळ्या झाल्या. मी हौसाला म्हणालो, तू पण टाक विकून. ती म्हणाली, "चांगलं हुतं तवा गजरा घालून गेले आणि आता पाठ फिरवू व्हय? उद्या त्यांच्या दारात कोणच्या तोंडानं जाऊ?"

मग मोठे साहेब अचानक गेले, वर्षाच्या आत त्यांची बायको गेली आणि त्यांची लेक खुर्चीवर बसली. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. भाऊबंद म्हणत होते कंपनी आत्ताच्या आत्ता विकून टाका. ती एकटी नको म्हणत होती. तिची पहिली मीटिंग मी पाहिली, कारण आता कॉलनीतून बस निघत नव्हती. जाणारी हौसा एकटीच उरली होती आणि मी तिला घेऊन गेलो होतो. काय तो गोंधळ! लोक खुर्च्यांवर उभे राहून ओरडत होते. आमचे पैसे कुठं गेले, बापाने बुडवली तू काय तारणार, असलं. ताई मान खाली घालून ऐकत होती. हौसाचा नंबर आला. ती माइकजवळ गेली आणि हॉल आपोआप शांत झाला, म्हातारी काय बोलते म्हणून.

"ताई, मला आकडं कळत न्हाईत. येवढंच सांगा, कंपनी विकणार का?"

बाजूचा गोरटेला माणूस ताईच्या कानाला लागला, तिने त्याला हाताने बाजूला केलं. म्हणाली, "काकू, आज मला माहीत नाही. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी सगळ्यात आधी तुम्हाला सांगेन."

हौसा म्हणाली, "बरं," आणि पिशवी घेऊन सरळ स्टेजवर चढली. नारळ काढला, खण काढला, करंडा काढला. मला घाम फुटला. ताईचा नवरा अपघातात गेलेला आहे, हे अख्ख्या कंपनीला माहीत होतं. हौसाला नव्हतं, मी कधी घरी बोललोच नव्हतो. कंपनीतली एक पोरगी धावत आली आणि हळू बोलली, पण पुढे माइक चालू होता. "मावशी, नका... मॅडमचे मिस्टर नाहीत." साऱ्या हॉलने ऐकलं. हौसाचा हात करंड्यावर थांबला. मला वाटलं आता ही रडेल नाहीतर खाली पळेल. ती त्या पोरीला म्हणाली, "मी काय हिच्या नवऱ्याची ओटी भरतीये का? येवढी कर्जाची कंपनी हिच्या पदरात घातली ती चालली, आणि माझा नारळ चालंना व्हय?" मग ताईकडे वळून म्हणाली, "तुझी इच्छा आसंल तर पदर धर बाई. नसंल तर राग न्हाई."

ताईने पदर धरला. हौसाने तिला हळद लावली, कुंकू लावलं, नारळ घातला. ताईने खाली वाकून नमस्कार केला आणि मग तिला वर उठायलाच येईना. हौसा तिची पाठ थोपटत उभी राहिली. परत येताना सिटी बसमध्ये मी म्हणालो, काय केलंस तू हे? ती म्हणाली, "मला ठावं नव्हतं, चुकलंच. पण अर्ध्यात हात मागं घेतला असता तर ती जास्त चूक झाली असती."

त्यानंतर दरवर्षी ओटी भरली आणि दरवर्षी विचारलं. ताई दरवर्षी तेच सांगायची, अजून माहीत नाही काकू. परदेशातली कंपनी तिने पडत्या भावात काढून टाकली, स्वतःचा बंगला विकला म्हणे, दत्ताच्या प्लँटला पगार उशिरा झाला पण बुडाला नाही. यंदा हौसाच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले उशीर झाला. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी ती माझ्याबरोबर पिंपरीच्या मंडईत आली, दम खात खात, आणि दहा नारळ हलवून बघून एक घेतला. म्हणाली, "मीटिंगला लागंल."

मीटिंगच्या आधी तीच गेली.

तिला अंगणात ठेवली होती. हिरवं लुगडं नेसवलं, बाया ओटी भरत होत्या. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली आणि ताई आली. दत्ताने प्लँटला फोन केला होता, तिथून तिला कळलं. पांढरा ड्रेस, पायात चप्पल नाही. ती बायांच्या मागे उभी राहिली आणि मग ओटीचं ताट घेऊन बसलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, म्हणाली, "मी भरू का?" अक्काने आधी तिच्या कपाळाकडे पाहिलं, मग गळ्याकडे. म्हणाली, "बाई, राग मानू नका. सवाष्णीची ओटी सवाष्णीनंच भरायची आसती." ताई लगेच मागे सरली. म्हणाली, "हो, हो, चुकलं माझं."

मला काय झालं कोण जाणे. मी तोवर रडलो नव्हतो. मी ओरडलो, "अक्का, ताट दे तिला! हौसानं हिची भरली तवा कुणाला इचारलं न्हवतं." अक्का म्हणाली, "आरं, रीत हाय ती." मी म्हणालो, "माझी बायको हाय ती." अक्काने ताट पुढे केलं, पण तोंड फिरवून घेतलं. अजून माझ्याशी धड बोलत नाही. नाही तर नाही.

ताईने ओटी भरली. थोडे तांदूळ हौसाच्या गळ्यावर सांडले, ते तिने एकेक करून वेचले. मग वाकून हौसाच्या कानाशी काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही, माझे कान असले. सगळं उरकल्यावर मी तिला विचारलं, "ताई, काय सांगितलं तिला?"

ती म्हणाली, "काका, काल रात्री ठरलं. पिंपरीचा कारखाना जातोय, जागा विकून बँकांचं देणं फिटेल. चाकण राहील, कंपनी राहील. अजून बाहेर कुणाला माहीत नाही. मी आज काकूंकडे येणारच होते..."

जिथं मी उभं आयुष्य घणाखाली लोखंड धरलं तिथं आता उंच इमारती होतील. याचं मला वाईट वाटायला पाहिजे. वाटत नाही. मला एवढंच वाटतं की एक दिवस... एक दिवस आधी ठरलं असतं तर तिने ऐकलं असतं. तोंड वाकडं न करता गेली असती.

यंदाच्या मीटिंगचं पाकीट परवा आलं, हौसाच्याच नावाने. दत्ता म्हणतो, नाव बदलून घेऊ. मी म्हणालो, घाई काय आहे. तिचा नारळ देवघराच्या फळीवर आहे, शेंडी वर करून, तिने ठेवला तसा. बाप्याने ओटी भरायची नसते, हे मला पण कळतं. तरी तो घेऊन हॉलवर जावं आणि ताईच्या हातात द्यावा, असं मनात आहे. तोवर टिकला पाहिजे. रोज सकाळी चहा झाला की मी तो उतरवतो आणि कानाला अगदी चिकटवून हलवतो. मला माणसांचं नीट ऐकू येत नाही, पण हे येतं. आत पाणी आहे अजून. मग परत जागेवर ठेवतो.