चाळीस मिनिटं आणि नऊ सेकंद

नाना त्या सकाळी डोक्यात राख घालूनच रुग्णालयाच्या संगणक-खोलीत शिरले. तपासणीत गाठ आढळलेल्या, पण महिनाभर न फिरकलेल्या रुग्णांची यादी ते नऊ वर्षं रोज काढत. त्या यादीवरून फोनवरच्या बाई एकेकाला बोलावून घेत. यादी निघायला चाळीस मिनिटं लागत, कारण नानांची सबक्वेरी, म्हणजे संगणकाला विचारलेल्या प्रश्नाच्या पोटातला प्रश्न, दर रुग्णामागे शेवटच्या भेटींचा अख्खा तक्ता नव्याने धुंडाळायची.

पंधरा दिवसांपूर्वी भाचेजावई साहेब होऊन त्याच खोलीत आले. त्यांनी सबक्वेरी काढून आउटर जॉइन बसवला. म्हणजे रुग्णांचा आणि भेटींचा असे दोन्ही तक्ते एकदाच शेजारी मांडायचे, ज्याची भेट नाही त्याच्यापुढे जागा रिकामी ठेवायची. नऊ सेकंदांत यादी. मामांचा खटारा आता भंगारात, असं चारचौघांत म्हणून झालं. नानांनी गिळलं.

काल मात्र बाई सहज बोलून गेल्या की हल्ली अकरालाच फोन संपतात. नानांनी जुन्या पद्धतीनं यादी काढून नवीशी ताडून पाहिली. जुनीत दोनशे बारा, नवीत एकसष्ट. साहेबांनी शेवटी अट घातली होती, भेटीची तारीख महिन्यापूर्वीची हवी. ज्यांची तारीखच रिकामी, ते त्या अटीत बसणार कसे? तपासणीनंतर एकदाही न आलेले एकशे एक्कावन्न जण गळले होते.

आज नानांनी दोन्ही याद्या पुढ्यात ठेवल्या, तर साहेब म्हणाले, जुनीच यादी फुगलेली असेल.

"जावईबापू," नाना म्हणाले, "घरी तुमचा मान ठेवतो. इथे माणसं मरतील."

त्यांनी साहेबांना खुर्चीवरून उठवलं आणि 'किंवा तारीखच नाही' एवढं अटीला जोडलं. दोनशे बारा नावं आली. दहा सेकंदांत. त्यावर नाना आणखीच भडकले, आता स्वतःवर. म्हणजे जॉइन खरोखरच चांगला होता. नऊ वर्षं बाईंना रोज चाळीस मिनिटं ताटकळत ठेवलं, ते निव्वळ आपल्या अडेलपणापायी.

"बाईंना सांगतो, त्या करतील फोन," साहेब पुटपुटले.

"बाई नाही. अर्धे तुम्ही, अर्धे मी."

साहेबांचा तिसराच फोन लागला. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्यानं बोलत होता की नानांना शब्द न् शब्द ऐकू आला. बायकोची गाठ दुपटीनं वाढली होती. तुमच्या फोनची वाट बघत बसलो, म्हणत होता.

साहेबांनी केविलवाणं नानांकडे पाहिलं. नानांनी आपला पुढचा नंबर फिरवला.