समुद्राकडची भिंत

आमच्या वास्तुविशारदांच्या संघटनेचा अध्यक्ष म्हणून मी दोनदा निवडून आलो. त्या काळात पुष्कळ भाषणं केली आणि जवळजवळ प्रत्येक भाषणात एकच फोटो दाखवला: तारोडीच्या मोकळ्या जागेत फक्कीच्या पांढऱ्या रेघा, आणि त्या रेघांच्या आत फतकल मारून बसलेल्या कोळणी. ‘हा नकाशा मी नाही काढला, यांनी काढला,’ असं म्हणायचो. टाळ्या पडायच्या.

फोटो खरा आहे. मासळी निवडायला आणि बोटींची वाट बघायला बायकांना छपराची जागा हवी होती. कागदावरचं त्यांना उमगेना, म्हणून मी जमिनीवरच खऱ्या मापात नकाशा आखला आणि म्हटलं, बसून बघा. त्या बसल्या, आणि सगळ्यांनी तोंडं समुद्राकडे केली.

“हिकडं भीत नको,” त्यांच्यातली थोरली मावशी म्हणाली. “बावटा दिसला पायजे.”

प्रत्येक बोटीच्या बावट्याचा रंग ठरलेला. तो लांबून ओळखला की त्या घरच्या बाईनं टोपली घेऊन उठायचं. मी पायानं त्या भिंतीची रेघ पुसली.

“इंजिनेर ऐकतो बरा.”

“मावशी, मी इंजिनिअर नाही, आर्किटेक्ट.”

“तेच ते. दोगं बी आमाला उनात बसवून सोता छत्रीत.”

सगळ्या हसल्या. छत्री मिटून मीही त्यांच्यात बसलो. किटलीतून चहा आला. भाईंदर पश्चिमेला ऑफिसात माणसं खोळंबली होती, पण उठवेना. इतक्या वर्षांत कुठल्याच कामावर मला तसं पुन्हा बसता आलेलं नाही.

पुढे मच्छीमार सोसायटीचे चेअरमन, म्हणजे मावशीचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणाले, “लग्नकार्याला एक स्टेज काढा. कुठं पण चालेल.” स्टेजला मागे भिंत लागते. ती रस्त्याच्या अंगाला घालता आली असती. पण तिकडे मी विटांची जाळी काढली होती. तिच्यावर माझा फार जीव होता. फोटोत तीच येणार होती. मी स्टेज समुद्राच्या बाजूला टाकला.

भिंत उभी राहिल्यावर मावशीनं विचारलं, “ह्ये कुनी केलं?”

“चेअरमनना स्टेज हवा होता,” मी म्हणालो. एवढंच.

“मंग तुजा काय दोष,” ती म्हणाली.

जाळीला बक्षीस मिळालं. त्या वर्षी मावशीनं भावाला भाऊबीजेला ओवाळलं नाही, हे मला ठेकेदारानं सहज बोलता बोलता सांगितलं. पुढच्या वर्षीही नाही. त्यानंतर मी विचारणंच बंद केलं. शांती नगरच्या माझ्या घरात दरवर्षी बहीण मला ओवाळते, तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघत नाही, तबकाकडे बघतो.

गेल्या महिन्यात, अध्यक्षपद सोडल्यावर, तारोडीला गेलो. इमारतीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या. बायका भिंतीच्या पलीकडे, भिंतीलाच बांधलेल्या निळ्या ताडपत्रीखाली बसल्या होत्या. मावशीला आता लांबचं दिसत नाही. शेजारी बसलेली सून तिला बावट्यांचे रंग सांगत होती. मी समोर बसलो. चहा विचारला तिनं. मी नको म्हणालो, नाहीतर बोलणं पुन्हा राहिलं असतं.

“मावशी, तुमचे भाऊ स्टेज कुठंही चालेल म्हणाले होते. इथं मी आणला. माझ्या जाळीसाठी.”

टोपलीतले तिचे हात थांबले. सून माझ्याकडे बघतच राहिली.

“त्यो देवाची आन घेत व्हता,” मावशी म्हणाली. “मी भर बाजारात त्याला बोलले. म्हनलं, शिकलेला मानूस खोटं कशाला बोलंल.”

मला वाटलं, आता शिव्या देईल. मी त्याची तयारी करून आलो होतो. तिनं पदराला हात पुसले, सुनेच्या खांद्याचा आधार घेतला आणि उठली.

“चल. चार घरं सोडून ऱ्हातो त्यो. तुज्या तोंडानं सांग. मी दारात हुबी ऱ्हाते.”

मी उठलो, छत्री उघडायला लागलो.

“ती हितंच ऱ्हाऊ दे.”

मी छत्री भिंतीला टेकवून ठेवली आणि उन्हातून तिच्या मागे निघालो.