शेळीच्या जोडीनं

गोरक्षनाथच्या डाव्या पायातली चप्पल गळून पडली आणि त्याला कळलंच नाही. मागून कुणीतरी हाक मारून सांगितलं, तेव्हा तो दहा पावलं परत आला. थोरल्या भावाचं, अमृतचं साखरेचं दुखणं असंच चपलेपासून सुरू झालं होतं, आणि आता गुडघ्याखाली पाय नसलेला अमृत शेजारच्या ओट्यावर बसून असतो.

डॉक्टरीणबाईंनी साखर तपासली, गोळ्या वाढवल्या आणि रोज अर्धा तास चालायला सांगितलं. सुप्याच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून पायांचं लाकूड झालेल्या माणसाला हा म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. पण पाय जाण्यापेक्षा बरं. कंपनीची गाडी फाट्यावर सोडते, तिथून घर तीन किलोमीटर. तेवढं चालायचं, असं त्यानं ठरवलं.

गावानं चालू दिलं तर ना. शंभर पावलं टाकली की मोटारसायकल थांबायचीच. ओळखीच्या माणसाला पायी सोडून पुढं जाणं या रस्त्याला माहीतच नाही, आणि थांबलेल्या गाडीला नको म्हणणं म्हणजे सोयरीक मोडल्यासारखं. चालायचंय म्हटलं तर लोक हसायचे, मागं बस म्हणायचे. खरं सांगायचं तर गोरक्षनाथही फार ताणून धरत नसे. दमलेलं अंग मागच्या सीटवर टेकलं की बरं वाटायचं. दीड महिना त्यानं अशी सगळ्यांची मनं राखली आणि साखर होती तिथंच राहिली.

मग एका सुट्टीला राहीबाईनं, त्याच्या बायकोनं, शेळी पलीकडच्या वस्तीवर बोकडाकडं न्यायला सांगितली. जाऊन येऊन पाऊण तास लागला आणि एकही गाडी थांबली नाही. शेळीसकट माणसाला कोण बसवणार? हे त्याच्या लक्षात आलं ते घरी पोचल्यावर.

दुसऱ्या दिवसापासून कामावरून आलं की तो चहा घ्यायचा आणि शेळी सोडायचा. अंग नको म्हणायचं, शेळीही नको म्हणायची. दोघं एकमेकांना ओढत तळ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. उत्साह वगैरे काही नव्हता. महिन्याभरानं साखर उतरली, पण थोडीच.

एका संध्याकाळी तो निघाला, तेव्हा ओट्यावरून अमृतनं विचारलं, "रोज कुठं नेतो रं तिला?"

गोरक्षनाथनं खरं ते सांगून टाकलं. अमृत हसला नाही. त्यानं शेळीच्या पायांकडं बघितलं.

"मला बी चालायलाच सांगितलं हुतं," तो म्हणाला. "गाड्या थांबायच्या. मी बसायचो."

चप्पल पायात आहे ना, ते गोरक्षनाथनं खाली वाकून बघितलं आणि शेळीचा दोर ओढला.