गाडी दारातच होती
लसणाच्या तेलाचा वास आला की मला खर्डा गावातल्या शाळेच्या सभागृहातला तो सत्कार आठवतो. अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी गावातच व्यायामाचं केंद्र काढणाऱ्या, घरोघर फिरून लुळे हात हलते करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंचा तो सत्कार. नारळ माझ्या वडिलांनी द्यायचा होता, आणि लुळ्या पडलेल्या उजव्याच हातानं देणार म्हणून ते हटून बसले होते; त्यासाठी महिनाभर ताईंसमोर त्या हातानं भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. बोटं थरथरली, पण नारळ पडला नाही. "बाबा, शेंगा पावल्या!" ताई हसून म्हणाल्या. मग माईक माझ्याकडे आला. वडिलांचं तोंड वाकडं झालं त्या सकाळी नगरच्या दवाखान्यात जायला गाडी मिळाली नाही, असंच मी डॉक्टरांना, ताईंना, सगळ्यांना सांगत आलो होतो. त्या दिवशी मात्र खरं तोंडून निघून गेलं. "गाडी दारातच होती. मी त्यांना आधी लसणाचं तेल चोळणाऱ्याकडे नेलं. दुपार तिथंच गेली." ताई एवढंच म्हणाल्या, "हे गावोगाव येऊन सांगाल?" मी हो म्हणालो. खाली उतरलो तर वडील म्हणाले, "मला काय सांगतो, लेका? गाडीत मीच हुतो की!" आता ताई आणि वडिलांबरोबर गावोगाव जाऊन मी तेच सांगतो, आणि 'दुपार गेली' म्हटलं की शेंगा फोडता फोडता वडील मला टोकतात, "दुपार न्हाई, पार दिवस कलला हुता."